फळ्यावरची नावं आधी पुसा

एका तरुण शिक्षकाचा प्रश्न असा आहे: "नेमणूक होऊन आठ महिने झाले. सातवीचा वर्ग, पटावर 46 मुलं, माझा गणिताचा तास. मी वर्गात पाऊल टाकतो तेव्हा बाजार भरलेला असतो. मॉनिटर फळ्यावर नावं लिहून ठेवतो, मी त्यांना उभं करतो, ओरडतो, पाच मिनिटं शांतता आणि मग पुन्हा तेच. घसा बसलाय. मागच्या बाकावरचा एक मुलगा तर सारखा बाक वाजवत असतो. मारायचं नाही हे मला पटतं, पण मग करायचं काय? आणि मुलं स्वतःहून जबाबदारी कधी घेणार?"

सर, मी 27 वर्षं शिकवते आहे. आधी खेड्यातल्या शाळांत, नंतर तालुक्याच्या गावी, आणि जवळजवळ सगळी वर्षं पाचवी ते आठवीच. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "मी वर्गात पाऊल टाकतो तेव्हा बाजार भरलेला असतो." म्हणजे गोंधळ तुमच्या तासात सुरू होतच नाही, तो तुम्ही येण्याआधीच झालेला असतो. आपल्याकडे वर्ग जागेवर बसतो आणि शिक्षक फिरतात. टोल पडतो, आधीच्या बाई बाहेर पडतात, तुम्ही दुसऱ्या वर्गातून वह्यांचा गठ्ठा घेऊन निघता, वाटेत ऑफिसातून कुणीतरी एखादी माहिती मागतं, आणि तेवढ्यात चार-पाच मिनिटं जातात. सेहेचाळीस मुलांना पाच मिनिटं हाताला काम नाही. त्यांनी आणखी काय करावं?

म्हणून पहिला उपाय त्या पाच मिनिटांवर करा. माझ्या वर्गात दर सोमवारी भिंतीवर एक कागद लागतो. त्यावर आठवड्याच्या प्रत्येक वारासमोर एक छोटं काम लिहिलेलं असतं. सोमवारी आधीच्या धड्यातली तीन गणितं, मंगळवारी एक कोडं, बुधवारी 13 ते 16 चे पाढे, असं. टोल पडला की वहीचं शेवटचं पान उघडायचं, तारीख घालायची आणि ते काम सुरू करायचं. मी आले की त्या कामातच हजेरी होते, गृहपाठ राहिलेली मुलं कळतात, आणि मला तोंड उघडावं लागत नाही. काम सोपं असावं. अडलं म्हणून शेजाऱ्याला विचारावं लागेल इतकं अवघड दिलंत तर पुन्हा बाजार भरतो.

हे नुसतं सांगून होत नाही. सवय भागाकारासारखी शिकवावी लागते. पहिल्या आठवड्यात मी अक्षरशः सराव घेते. मी बाहेर जाते, एक मुलगा टोल वाजल्याची खूण करतो, मुलं पान उघडतात, मी आत येते. जमलं नाही तर रागावत नाही, "पुन्हा एकदा करू" म्हणते. सातवीच्या मुलांना सुरुवातीला हसू येतं, येऊ द्यावं. माझ्या अनुभवात तीन आठवडे लागतात. मध्ये दिवाळीची सुट्टी आली की पुन्हा दोन दिवस द्यावे लागतात.

अमेरिकेतल्या जेकब कौनिन या मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि 1970 साली ते प्रसिद्ध केलं. मुलाने दंगा केल्यावर शिक्षक त्याला कसे रागावतात, याचा वर्ग चांगला चालण्याशी फारसा संबंध त्यांना दिसला नाही. संबंध दिसला तो दंग्याआधीच्या गोष्टींशी. शिक्षकाचं लक्ष सगळ्या वर्गावर आहे हे मुलांना जाणवतं का, एक काम संपून दुसरं सुरू होताना मध्ये खंड पडतो का, तास वाहता राहतो का. आपण मात्र सगळी ताकद दंगा झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत खर्च करतो, आणि मग घसा बसतो.

घशाचंही सांगते. सूचना द्यायच्या वेळी एका जागी उभे राहा, रोज त्याच जागी. वह्या वाटता वाटता किंवा फळा पुसता पुसता सूचना देऊ नका. पाठ वर्गाकडे असताना बोललेलं मुलं सूचना धरत नाहीत. आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी खाली ठेवा. वर्गाचा आवाज चढला की आपला चढवायचा मोह होतो, पण तसं केलं की मुलं त्याच्याही वर जातात. आणि काय करू नका यापेक्षा काय करा ते सांगा. "गडबड करू नका" यातून मुलाला काहीच करायला मिळत नाही. "पेन खाली ठेवा, माझ्याकडे बघा" यातून मिळतं. "समजलं का?" हा प्रश्न तर सोडूनच द्या. त्याचं उत्तर सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" असंच देतो, न समजलेलाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायला शिका. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एखादा सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण वर्गासमोर उभं राहिल्यावर ते फार लांब असतात. मी मनात "एक गणपती, दोन गणपती, तीन गणपती" म्हणते.

आता फळ्यावरच्या नावांकडे येते. ती नावं उद्याच बंद करा. मॉनिटरला तुम्ही जे काम दिलंय ते पोलिसाचं आहे, तेही पगार आणि वर्दी न देता. तो मित्रांची नावं लिहीत नाही, नावडत्यांची लिहितो. कुणी दोन रुपयांची गोळी दिली की पुसतो. वर्ग दोन तटांत वाटला जातो. तुम्ही आत आल्या आल्या यादी वाचता, म्हणजे जे तुम्ही पाहिलं नाही त्याबद्दल शिक्षा करता. मुलांना हा अन्याय फार चटकन कळतो. जबाबदारी शिकवायची म्हणून आपण हे करतो, आणि 46 पैकी एकालाच काम देऊन बाकीच्या 45 जणांना सांगतो की शांत राहणं ही तुमची बाब नाही, ती त्याची आहे.

शिक्षेबद्दल माझं मत एका मुलीमुळे बदललं, ते सांगते. नोकरीची तिसरी-चौथी वर्षं होती. सहावीतली एक मुलगी गृहपाठ आणत नव्हती. मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभराने मी "गृहपाठ न आणलेले कोण?" असं विचारलं, तर ती उठली, दप्तर बाकावर नीट ठेवलं आणि मी काही म्हणायच्या आत दाराबाहेर जाऊन उभी राहिली. चेहऱ्यावर ना भीती, ना राग. तिने आमचा व्यवहार समजून घेतला होता. गृहपाठाची किंमत एक तास, आणि ती किंमत ती रोज चुकती करत होती. देणं फिटलं की माणूस मोकळा होतो, तशी ती मोकळी होती. गृहपाठ कसा व्हायचा, ही काळजी आता तिची राहिलीच नव्हती. मी शिक्षा देऊन ती काढून घेतली होती.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं, "अगं, वही घेऊन बसायला तुला कधी जमतं?" भारनियमनाचे दिवस होते. गावात रात्री वीज नसायची, दिव्याखाली आई भाकरी करायची आणि धाकटा भाऊ हिच्या मांडीवर असायचा. ती म्हणाली, "बाई, सकाळी परिपाठाच्या आधी जमेल." ती रोज वीस मिनिटं आधी येऊन व्हरांड्यात लिहू लागली. हा उपाय तिचा होता, म्हणून तो टिकला. मी विचारायला इतके दिवस लावले, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे. चूक झाली की हिशेब शिक्षेने मिटवून टाकायचा नाही. तो मुलाच्या नावावर उघडा ठेवायचा, आणि बिघडलेलं त्यानेच नीट करेपर्यंत त्याच्यासोबत राहायचं. हे शिक्षेपेक्षा सोपं मुळीच नाही. बहुतेक मुलं म्हणतात, "बाई, त्यापेक्षा मारा ना."

एक प्रसंग जवळून सांगते. मधल्या सुट्टीत दोन मुलांची झोंबाझोंबी झाली आणि भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा फाटला. नाशिकपासून थेट सोलापूरपर्यंत. मी आले तेव्हा वर्ग चिडीचूप होता. सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे लागले होते. मी दोघांना बोलावलं आणि बाकी वर्गाला भिंतीवरच्या कागदातलं काम करायला सांगितलं. दोघांना मी चार प्रश्न विचारते, नेहमी तेच आणि त्याच क्रमाने. काय झालं? कुणाकुणाला त्रास झाला? आता काय करायचं? कधीपर्यंत? "का केलंस?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याचं खरं उत्तर मुलाला स्वतःलाच माहीत नसतं, आणि माहीत नसलं की ते खोटं बोलतं.

पहिल्या प्रश्नाला दोघंही "त्याने आधी" म्हणाले. मी दोघांचं ऐकून घेतलं, निवाडा केला नाही. दुसऱ्या प्रश्नाला एकाने "तुम्हाला" असं उत्तर दिलं. मी म्हटलं, "मला नकाशा पाठ आहे. उद्या भूगोलाच्या तासाला कुणाला लागणार?" मग त्याने वर्गाकडे पाहिलं. तिसऱ्या प्रश्नाला आधी "पैसे भरतो" आलं. ते मी घेत नाही, कारण ते पैसे बापाचे असतात. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "माझे पप्पा शिलाईचं काम करतात, मागून कापड लावून चिकटवता येईल." चौथ्याला उत्तर आलं, "शनिवारी, शाळा सुटल्यावर."

शनिवारी त्याने मांजरपाटाची लांब पट्टी आणली, दुसऱ्याने घरून गव्हाच्या पिठाची खळ करून आणली. नकाशा जमिनीवर पालथा घालून दोघंही गुडघ्यांवर बसले. फाटलेल्या कडा जुळवताना एकजण पुढच्या बाजूने गावांची नावं वाचून सांगायचा, "संगमनेर वर घे, अजून, बस." दीड तास लागला. काम संपताना एकाने विचारलं, "बाई, यात पालघर जिल्हा नाही?" खरंच नव्हता. नकाशा जुना, 35 जिल्ह्यांचा. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. दोघांनी पुस्तकात बघून पेन्सिलीने हद्द आखली आणि मग पेनाने गिरवली. तो नकाशा आणखी सहा वर्षं भिंतीवर होता. भूगोलाच्या बाई पॉइंटर जरा जोरात आपटायच्या तर ही दोघं जागेवरून "बाई, हळू" म्हणायची.

तुमच्या वर्गात नकाशा रोज फाटणार नाही. रोज होतं ते बोलणं, खुसपुसणं, वही न आणणं. त्याला एवढा पसारा मांडू नका. शिकवणं न थांबवता त्या बाकाजवळ जाऊन उभे राहा. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं. नाही पुरलं तर वाका, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोला, "दुसरं गणित सोडव, मी दोन मिनिटांनी बघायला येतो," आणि तिथून निघून जा. हे निघून जाणं फार महत्त्वाचं आहे. तुम्ही तिथेच उभे राहिलात तर चारचौघांत माघार घ्यायची वेळ त्याच्यावर येते, आणि तेरा वर्षांचा मुलगा चारचौघांत माघार घेत नाही. पाठ फिरवलीत की तो पेन उचलतो. दोन मिनिटांनी मात्र खरंच जा. गेला नाहीत तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही.

कायद्याचं एकाच वाक्यात सांगते, कारण तुम्हाला ते पटलेलंच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने फक्त शारीरिक शिक्षाच नाही तर मानसिक छळही बंद केला आहे, म्हणून अंगठे धरायला लावणं जितकं चूक तितकंच "तुझ्या बापाने काय दिवे लावलेत" हेही चूक. पालकसभेत काही पालक हात जोडून म्हणतील, "सर, मारा हवं तेवढं, आमचं काही म्हणणं नाही." त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून ते तसं म्हणतात. त्यांना कलम ऐकवू नका. घरी मूल कोणतं काम स्वतःहून करतं ते विचारा. शेळ्या सोडणं, पाणी भरणं, दुकान सांभाळणं, काहीतरी निघतंच. मग तेच मूल वर्गात का करत नाही, यावर दोघांनाही बोलता येतं.

जबाबदारी म्हणजे काम वाटून देणं, असा आपल्याकडे समज आहे. बऱ्याच शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतं, मुख्यमंत्री, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री. शपथविधीचा फोटो निघतो आणि नंतर पाणीमंत्र्याला विचारून पाण्याचं काहीच ठरत नाही. मुलाला ठरवायला मिळालं, ते ठरवलेलं चुकलं आणि पुन्हा ठरवायला मिळालं, तर जबाबदारी येते. मी शुक्रवारी शेवटच्या तासातली वीस मिनिटं वर्गसभेला देते. गोल बसायचं, विषय एकच, बोलायला हात वर, आणि कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची नाही. एकदा विषय होता खिचडीची रांग. धक्काबुक्की होते, मुली मागे राहतात. सभेने ठरवलं, ओळीनुसार जायचं, खिडकीकडची ओळ पहिली. चारच दिवसांत दाराकडची ओळ तक्रार घेऊन आली, आमच्यापर्यंत खिचडी गार होते आणि खाली लागलेली येते. मला सोमवारीच हे दिसत होतं, पण मी बोलले नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी रोज ओळ बदलायचं ठरवलं आणि कुठल्या वारी कुठली ओळ ते स्वतःच भिंतीवर लिहिलं. मी आधीच सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता, पण मग ती रांग माझी झाली असती आणि मी नसलेल्या दिवशी मोडली असती.

सभेत काय ठरवता येतं आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. अभ्यास करायचा की नाही, कुणाला मारायचं की नाही, हे सभेपुढे येत नाही. बसायची जागा, वर्गातल्या पुस्तकांची देवघेव, झाडांचं पाणी, खेळाच्या तासाचे संघ, हे सगळं येतं.

आता जिथे यातलं काहीच चालत नाही, त्याबद्दल. वर्गात चार-दोन मुलं अशी असतात की त्यांचा दंगा हा दंगा नसतोच. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा, कमी ऐकू येतं म्हणून तेच तेच विचारणारा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा अशी नावं आधीच लिहून ठेवा आणि डॉक्टरांना वेगळं सांगा. नाहीतर ती मुलं घाईत निसटतात. मन एका जागी ठरतच नाही असं मूल दिसलं तर गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रातल्या, समावेशित शिक्षणाच्या (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या) विशेष शिक्षकांना बोलवा. आणि मारहाण, छळ किंवा त्याहून वाईट काही घरात चाललंय असा संशय आला तर 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे एकट्याने धाडस करू नका.

आमच्या भागात आणखी काही मुलं असतात, ऊसतोडीला गेलेल्या घरांतली. दिवाळीच्या आसपास ती आईबापांबरोबर कारखान्याकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधला अपूर्णांकांचा, समीकरणांचा सगळा भाग गेलेला असतो. परत आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी अंगावर धावून जातो. मला येत नाही हे वर्गाला कळण्यापेक्षा मी वाईट आहे हे कळलेलं त्याला परवडतं. त्याला शिस्त लावायच्या आधी अपूर्णांक शिकवा.

हेच लक्षात ठेवून तुमच्या बाक वाजवणाऱ्या मुलाकडे बघा. तुम्हाला स्टाफरूममध्ये बरेचजण सांगतील, "त्यालाच मॉनिटर करा, सुधारतो." करू नका. त्याला दुसऱ्यांवर सत्ता मिळेल, स्वतःवर मिळणार नाही, आणि बाकीच्या मुलांना कळेल की बाक वाजवला की पद मिळतं. त्यापेक्षा तो कधी वाजवतो ते आठवडाभर टिपा. मी माझ्या वहीत फक्त वेळ आणि चाललेलं काम लिहिते. बहुतेक वेळा ठराविक ठिकाणी गाठ पडते. तोंडी गणित चालू असताना वाजवत नाही, पण फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितलं की वाजवतो, असं काहीतरी. तसं दिसलं तर आधी त्याच्या लिहिण्याचा वेग आणि डोळे तपासा.

मग शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्याला दहा मिनिटं थांबवा. समोर बसवू नका, शेजारी बसा, पायरीवर बसलात तरी चालेल. टिपलेलं पान त्याला दाखवा आणि म्हणा, "हे मला दिसलं. तुला काय वाटतं?" त्यानंतर तो बोलेपर्यंत थांबा, तीन सेकंद नाही, लागतील तेवढे. पहिल्या शनिवारी तो खांदे उडवून निघून जाईल. पान वहीत तसंच ठेवा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बसा.